खिशाच्या काठावर : घडीच्या चाकूच्या क्लिपचा इतिहास

मराठीच्या प्राध्यापकाचे चित्र काढायला सांगितले तर विद्यार्थी चष्मा काढतील, खांद्याला झोळी अडकवतील आणि सदऱ्याच्या खिशाला एक पेन खोचतील. त्या पेनाची निब, शाई आणि अक्षर यांविषयी साहित्यिकांनी पुष्कळ लिहिले आहे. पेन खिशाच्या काठाला ज्या पट्टीने धरून ठेवलेले असते, तिच्याविषयी मात्र फारसे कोणी लिहिलेले आमच्या वाचनात नाही. वॉटरमन कंपनीने टोपणाला अशी पट्टी जोडून तिचे पेटंट १९०५ साली घेतले. त्याआधी फाउंटन पेन जाकिटाच्या खिशात उभे ठेवावे लागे. वाकले की पडे, आडवे झाले की गळे. म्हणजे ज्या चित्राला आपण अध्यापकाचे सनातन रूप समजतो, ते जेमतेम सव्वाशे वर्षांचे आहे आणि धातूच्या एका वाकवलेल्या तुकड्यावर उभे आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय पेन नाही. त्याचा जुना सोबती असलेला चाकू आहे. त्यातही घडीचा चाकू, आणि त्याच्या मुठीला जोडलेली खिशाची क्लिप. अमेरिकेत आणि युरोपात गेली काही दशके लोक आपल्या चाकूची कारखान्यातून आलेली क्लिप काढून टाकतात आणि त्या जागी स्वतः कापलेली, घासलेली, वाकवलेली क्लिप बसवतात. पाते तेच, मूठ तीच, बदलते फक्त ही पट्टी. हा छंदिष्टांचा खुळेपणा म्हणून आम्हीही आरंभी सोडून देणार होतो. पण जसजसे मागे वाचत गेलो तसतसे वाटू लागले, की चाकूचा इतिहास पात्याकडून सांगण्याची आपली सवयच अपुरी आहे. चाकू अंगावर कुठे ठेवायचा, आणि तो इतरांना कितपत दिसू द्यायचा, या प्रश्नाच्या अंगाने तो सांगितला तर निराळ्याच गोष्टी हाती लागतात.

मराठीत यासाठी एक नेमके क्रियापद आहे : खोचणे. पदर खोचतात, ओचा खोचतात, विडी कानावर खोचतात, पेन खिशाला खोचतात. खोचलेली वस्तू बांधलेली नसते आणि ठेवलेलीही नसते. दोन पृष्ठभागांच्या दाबात ती धरलेली असते, आणि तिचा काही भाग बाहेर राहतो. धोतराच्या कनवटीत पैसा खोचणारा माणूस कापडाच्या ताणाचा जो उपयोग करी, तोच क्लिप धातूच्या ताणाने करते. फारसी परंपरेतल्या लेखनिकाचे कलमदान त्याच्या कमरेच्या शेल्यात असेच खोचलेले असे, आणि त्यात बोरू तासण्यासाठी एक छोटा चाकू असे, कलमतराश. इंग्रजीतला ‘पेननाइफ’ हा शब्दही पिसाच्या लेखणीचे टोक कापण्याच्या कामातूनच आलेला आहे. लेखणी गेली, पीस गेले, शब्द तेवढा खिशातल्या चाकूला चिकटून राहिला. तेव्हा साहित्याच्या अध्यापकांनी चाकूत नाक खुपसण्याचे काय कारण, असे कोणी विचारलेच तर आमचे उत्तर तयार आहे.

घडीचा चाकू हे आधुनिक साधन आहे, हा एक सार्वत्रिक समज. वस्तुतः ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे हाडाची मूठ असलेला घडीचा चाकू सापडला असून तो इसवी सनापूर्वी सहाशे ते पाचशे या काळातला मानतात. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातले एक रोमन साधन आहे. चांदी आणि लोखंडाच्या त्या एका जिनसात चाकू, चमचा, काटा, टोच्या अशी अनेक हत्यारे घडी होऊन बसतात. या चाकूंना घडी का हवी होती? पाते मुठीत मिटले की म्यान लागत नाही, एवढे सरळ कारण. उघडा चाकू अंगावर बाळगायचा तर त्याला दुसरे एखादे घर लागते. घडीचा चाकू स्वतःचे घर स्वतःच असतो. पण त्यामुळे एक नवीन अडचण येते. म्यान पट्ट्याला अडकवता येते. घडी झालेला चाकू अडकवायचा कशाला?

या प्रश्नावर इंग्रजी साहित्यात एक विलक्षण साक्ष आहे, आणि ती आपल्यापैकी बहुतेकांनी एम. ए.च्या वर्षांत कुठे ना कुठे चाळलेली असते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’ लिहिल्या. त्यांतल्या ‘रीव्हची कथा’ या कथेत ट्रम्पिंग्टनचा सिम्किन नावाचा गिरणीवाला आहे. चॉसर त्याचे वर्णन करताना त्याच्या अंगावरच्या हत्यारांची जणू झडतीच घेतो : कमरपट्ट्याला एक लांब पाते, बटव्यात एक छोटी कट्यार, आणि पायमोज्यात शेफिल्डचा चाकू. शेफिल्डच्या चाकूचा हा अतिशय जुना साहित्यिक उल्लेख असल्यामुळे इंग्लंडचे उद्योग-इतिहासकार तो पुनःपुन्हा देतात. गावाचे नाव मिळाले, त्यांचे काम झाले. आम्हांला मात्र गावाइतक्याच त्या तीन जागा महत्त्वाच्या वाटतात. पट्ट्याचे पाते सर्वांना दिसावे म्हणून आहे. ते पाहून कोणी अंगावर येऊ नये. बटव्यातली कट्यार अर्धवट माहीत असलेली. पायमोज्यातला चाकू मात्र कामाचा, भाकरीचा, लाकूड तासण्याचा, आणि म्हणूनच हाताशी पण नजरेआड. एका माणसाच्या शरीरावर चॉसरने दिसण्या-लपण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या आहेत.

हे सहज घडले असे म्हणता येत नाही. ज्या रीव्हच्या तोंडी ही कथा आहे त्याच्याही कमरेला प्रास्ताविकात चॉसरने एक पाते दिले आहे, आणि ते गंजलेले आहे. त्याच प्रास्ताविकात शहरातले पाच कारागीर-व्यापारी येतात. त्यांच्या चाकूंचे पितळेचे नव्हे, चांदीचे जडकाम तो मुद्दाम नोंदवतो. इथे पात्याविषयी एक अक्षरही नाही. चाकू कापतो कसा याच्याशी कवीला देणेघेणे नाही. त्याच्या जोडसाहित्यावरून माणूस ओळखायचा आहे. आज स्वतःच्या चाकूवर निळी-जांभळी टायटॅनियमची क्लिप चढवणारा अमेरिकन सुतार या पाच जणांचा दूरचा वंशज म्हणायला हरकत नाही. (फरक एवढाच, की त्या पाचांनी चांदी बहुधा दुसऱ्याकडून बसवून घेतली असणार.)

पुढे शेफिल्ड वाढत गेले. तिथल्या चाकूकारांच्या संघाला १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने मान्यता मिळाली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुठीच्या पाठीत पोलादाची लवचीक पट्टी बसवण्याची रीत तिथे रुळली. पाते उघडले की ही पट्टी त्याला दाबून ठेवते, मिटले की मिटलेलेच ठेवते. साधारण त्याच सुमारास युरोपीय पुरुषांच्या कपड्यांत शिवलेले खिसे आले. चाकू आता खिशाच्या तळाशी जाऊन पडला आणि तीन शतके तिथेच राहिला, नाणी, किल्ल्या आणि दोऱ्याच्या गुंडीच्या सहवासात. बायकांच्या कपड्यांना असे खिसे नव्हते. त्यांचा छोटा चाकू, कात्री आणि किल्ल्या कमरेला लटकणाऱ्या साखळ्यांवर दिसत राहिल्या. खलाशाचा चाकू गळ्यातल्या किंवा कमरेच्या दोरीला बांधलेला. फ्रान्समध्ये साव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० साली जो साधा लाकडी मुठीचा चाकू घडवला, त्याच्यात १९५५ साली पाते अडवणारी फिरती कडी आली, म्हणजे सुरक्षेचा विचार झाला. खिशात तो कसा राहावा याचा मात्र झाला नाही. तो तळाशीच.

आपल्याकडचा रामपुरी चाकूही असाच पूर्णपणे लपलेला. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांचा हा खटक्याचा चाकू आपल्या पिढीला मुख्यतः हिंदी चित्रपटांनी दाखवला. १९६५ च्या ‘वक्त’मधला राजकुमारचा प्रसंग आठवावा. पडद्यावर तो आधी ऐकू येतो, मग दिसतो. लपलेपण हाच त्याचा सारा नाट्यगुण आहे, आणि क्लिप लावलेला रामपुरी हा विनोदी ठरेल. २०२३ साली रामपूरच्या चौकात वीस फुटांचा चाकू उभारण्यात आला. लपवण्याच्या वस्तूचे स्मारक करायचे तर दुसरे काय करणार!

चाकूला क्लिप आली ती १९८१ साली. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या गोल्डन या गावी सॅल ग्लेसर आणि गेल ग्लेसर या दांपत्याच्या स्पायडर्को कंपनीने ‘वर्कर’ नावाचा चाकू त्या वर्षी बाजारात आणला. त्याच्या पात्याला एक गोल भोक होते. त्यात अंगठा घालून एकाच हाताने चाकू उघडता येई. मुठीला स्क्रूने बसवलेली पोलादी पट्टी होती, तिने चाकू खिशाच्या काठाला उभा टांगता येई. भोकाचे कौतुक खूप झाले, कंपनीने ते आपले चिन्हच केले. आमच्या मते पट्टीशिवाय भोक निरर्थक होते. एका हाताने चाकू उघडायचा तर आधी तो एका हाताने आणि न पाहता सापडायला हवा. खिशाच्या तळाशी आडवातिडवा पडलेला चाकू तसा सापडत नाही. शिडीवर उभा असलेला, एका हातात दोर किंवा तार धरलेला माणूस डोळ्यांसमोर आणावा. कोकणात माडावर चढणारा माणूस कोयता कमरेमागे अडकवतो तो याच कारणाने. नावही ‘वर्कर’ होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मग सर्वांच्या चाकूंना क्लिपा आल्या, आणि कारखान्याची क्लिप सर्वांना सारखी बसत नाही हेही कळले. पुष्कळ चाकूंना स्क्रूची भोके एकाच बाजूला असत. ती बाजू उजव्या हाताच्या माणसाची. डावखुऱ्याने काय करायचे? १९९० साली स्पायडर्कोने ‘डेलिका’ आणि ‘एन्ड्युरा’ हे हलक्या, कृत्रिम मुठीचे चाकू काढले, त्यांत क्लिप मुठीसोबत एकाच साच्यात ओतलेली होती. स्वस्त आणि सुटसुटीत. पण तुटली की बदलायला काही नाही, कारण ती निराळा भाग नव्हतीच. नंतरच्या आवृत्त्यांत धातूची, स्क्रूने बसणारी क्लिप परत आली. सुटा भाग असणे ही गोष्ट इथे महत्त्वाची ठरली. जे सुटे असते ते बदलता येते, आणि जे बदलता येते ते घरी करून पाहण्याचा मोह होतो. साऱ्या चाकूत सामान्य माणसाला करता येण्याजोगा हा एकच भाग. पात्याचे पोलाद तापवून पाणी देणे हे भट्टीचे काम. घडीचा सांधा केसभर चुकला तरी पाते हलते. क्लिपला करवत, कानस, ड्रिल आणि शेगडा पुरतो.

हौशी कारागीर टायटॅनियम का निवडतात, याचे कारण रंगाच्या मोहापलीकडचे आहे. या धातूचा ताठरपणा पोलादाच्या साधारण निम्मा असतो, त्यामुळे तो अधिक वाकून पुन्हा मूळ आकारावर येतो. गंजत नाही, हलका असतो. रंग येतो तो वेगळ्याच न्यायाने. सौम्य क्षाराच्या पाण्यात बुडवून वीज सोडली की धातूवर पारदर्शक ऑक्साइडचा थर चढतो, आणि विजेचा दाब वाढवावा तसा तो जाड होतो. त्या थराच्या जाडीप्रमाणे प्रकाशातले काही रंग पुसले जातात, काही उठून दिसतात. पंचवीस-तीस व्होल्टला निळा, त्याच्या दुपटीच्या आसपास सोनेरी. कुठलाही रंग फासलेला नसतो; साबणाच्या फुग्यावर किंवा पावसात डांबरी रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जे दिसते तेच हे.

हे सारे वाचून आमच्यापैकी एकाला राहवले नाही. त्याच्याकडच्या जुन्या चाकूची क्लिप बसच्या गर्दीत तुटून पडली होती. टायटॅनियम मिळवण्याइतका उत्साह नव्हता. गावातल्या एका फिटरकडून स्प्रिंगच्या पोलादाची दीड मिलिमीटर जाडीची पट्टी आणली. पहिली क्लिप तापवून लालभडक करून वाकवली. आकार सुरेख आला, पण ताण गेला. एकदा वाकली ती वाकलेलीच राहिली. लाल होईपर्यंत तापवून हवेत निवू दिले की पोलाद मऊ पडते, हे फिटरने नंतर सांगितले, आधी सांगितले नाही. दुसरी त्याच पट्टीची, थंडच, शेगड्यात धरून गजाभोवती वाकवली. ती इतकी ताठ झाली की आठवड्यात पॅन्टच्या खिशाची किनार उसवली. भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याने तेव्हा समजावले, की एका टोकाला घट्ट बसवलेल्या पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. दीडवरून एक मिलिमीटरवर आलो, म्हणजे ताठरपणा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तिसरी क्लिप एक मिलिमीटरची. तिचे टोक किंचित वर उचललेले ठेवावे लागले, नाहीतर कापड आत शिरतच नाही. पोटाचा भाग मुठीला ज्या ठिकाणी टेकतो तिथे मूठ खरखरीत नसावी, हेही कळले. तिथेच कापड झिजते. इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात ही माहिती आम्हांला मिळाली नव्हती.

तिसरी क्लिप करताना एक निर्णय घ्यावा लागला, आणि लेखाचा खरा विषय तिथे आहे. क्लिप मुठीच्या अगदी टोकावरून वळवली तर चाकू खिशात पूर्ण बुडतो, बाहेर फक्त धातूची एक रेघ राहते. थोडी खाली बसवली तर बोटभर मूठ वर राहते. पकडायला सोपी, पण सर्वांना दिसणारी. चॉसरच्या गिरणीवाल्याने हे तीन चाकूंनी साधले होते. इथे एकाच पट्टीच्या पाच-सात मिलिमीटरच्या फरकात ते ठरते.

न्यूयॉर्क शहरात या फरकाची किंमत माणसांनी मोजली आहे. तिथे १९५८ पासून एक कायदा होता. ज्या चाकूचे पाते गुरुत्वाकर्षणाने किंवा झटक्याने उघडून पक्के बसते, तो बाळगणे गुन्हा. मनगटाला झटका देऊन पोलीस पाहत. साधे, दुकानात राजरोस मिळणारे चाकूही कधी उघडत, कधी उघडत नसत. पकडले जात ते सुतार, वीजकामगार, रंगमंचामागचे तंत्रज्ञ, स्वयंपाकी. आणि त्यांत कृष्णवर्णीय व लॅटिनो पुरुषांचे प्रमाण फार मोठे. चाकू खिशात असताना पोलिसाला तो कळायचा कसा? बहुतेकदा खिशाच्या काठावर चमकणाऱ्या क्लिपवरून. कामाच्या माणसाचा हात मोकळा राहावा म्हणून जी पट्टी आली, तीच त्याच्याविरुद्धची खूण झाली. शहराच्या नियमावलीत चाकू उघड दिसेल असा बाळगण्यास वेगळी मनाई आहे, कामासाठी वगैरे अपवाद ठेवून. म्हणजे दिसला तर उघड बाळगला, लपवला तर का लपवला. एका स्वयंपाक्याने न्यायालयात दाद मागितली आणि २०१९ च्या मार्चमध्ये फेडरल न्यायाधीशाने हा कायदा त्याच्या बाबतीत घटनेला न धरून असणारा, संदिग्ध ठरवला. त्याच वर्षी मे महिन्यात राज्याने ती बंदीच रद्द केली.

टोकावरून वळणाऱ्या, चाकू खोल बुडवणाऱ्या क्लिपची आवड गेल्या दोन दशकांत का वाढली याला सौंदर्याची, सोयीची अशी अनेक कारणे देतात. ती खरीही असतील. पण सार्वजनिक ठिकाणी समोरच्याला धास्ती वाटू नये, हे कारण वापरणाऱ्यांच्या बोलण्यात सतत येते. मराठीत ‘खोच’ या शब्दाचा दुसराही अर्थ आहे : बोलण्यात लपवलेले टोक, जे ज्याला कळायचे त्यालाच कळते. खोल क्लिप ही त्या अर्थानेही खोच आहे. कोणाला परवडते ती? ज्याच्या खिशाकडे कोणी मुळातच संशयाने पाहत नाही, त्याला बोटभर मूठ बाहेर ठेवली तरी चालते. ज्याच्याकडे पाहतात, त्याला ती रेघही जड जाते. वस्तुसंस्कृतीचा अभ्यास म्हणून वर्गात आपण जे शिकवतो त्यात असे उदाहरण क्वचित येते; आपली उदाहरणे बहुधा दागिन्यांची आणि वाड्यांची असतात.

आमची तिसरी क्लिप खोल बसणारी केली. फिटरला कारण विचारावेसे वाटले नाही. प्राध्यापकाला चाकू कशाला लागतो, एवढेच त्याने विचारले होते आणि पेन्सिलीला टोक काढायला, हे उत्तर त्याला पटलेले दिसले नाही. एक मिलिमीटरच्या पट्टीचा वीतभर तुकडा उरला होता. पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या खिशात नेहमी असणारी सहा इंची स्टीलची मोजपट्टी, जी वाकले की खाली पडायची, खिशाच्या काठाला नीट उभी होती. माप न घेता, थंडच वाकवून, त्याने ती दहा मिनिटांत केली होती.